डब्यावरचं नाव

"बाबा, तुझी गिरणी कनेक्टेड नाही," असं रेवती म्हणाली तेव्हा विद्याधर नाफडे यांच्या हातात पोह्यांची बशी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली. नुसती ठेवली नाही, आवाज होईल अशी ठेवली. मुलुंड पूर्वेच्या निम्म्या घरांच्या पोळ्यांचं पीठ एकतीस वर्षं ज्याच्या हाताखालून गेलं, त्या माणसाला त्याचीच मुलगी सांगत होती की तो कशालाच जोडलेला नाही.

"म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे तू एकीकडे आणि गिऱ्हाईक एकीकडे. कोणाला काय हवंय, कधी हवंय, कोण दोन महिने फिरकलं नाही, तुला काही कळतच नाही. आमच्या ऑफिसात आम्ही मोठमोठ्या कंपन्यांना हेच सांगतो. सगळी माहिती एकमेकींना जोडली की काय घडलं ते लगेच कळतं आणि लगेच काहीतरी करता येतं. नाहीतर धंदा बसतो."

रेवती मालाडला एका कंपनीत होती. ती तिथे नेमकं काय करते हे नाफड्यांना कधी नीट कळलं नव्हतं. ती दुसऱ्यांचे धंदे कशाला तरी जोडते, एवढं ठाऊक होतं. पण जोडाजोड घरापर्यंत येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"मला सगळं कळतं," ते म्हणाले. "कुठलाही डबा दाखव. पोचा बघून सांगतो कोणाचा आहे ते."

हे मात्र खोटं नव्हतं. नाफडे पीठ गिरणीत कधी चिठ्ठी नव्हती की वही नव्हती. सकाळी बायका डबे ठेवून जात, संध्याकाळी घेऊन जात. डावीकडे चेपलेला डबा अनंतरावांचा, कडी तुटलेला मीराताईंचा, झाकणाला सुतळी बांधलेला शांताबाईंचा. कोणाला भाकरीचं पीठ जाडसर लागतं, कोणाच्या सासूला दात नाहीत, सगळं नाफड्यांच्या डोक्यात. एकतीस वर्षांत एकाचा डबा दुसऱ्याकडे गेला नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना जितका अभिमान होता तितका स्वतःच्या लग्नाचाही नव्हता. हे ते वसुधाताईंसमोर बोलत नसत.

पण रांग आटली होती हेही खरं. लोक आता फोनवर बोट ठेवत आणि दहा मिनिटांत पिठाची पिशवी दारात येई. ते पीठ कधी दळलं, कोणी दळलं, कोणालाच माहीत नसे, तरी लोक खात होते. नाफड्यांच्या मते हा देशाच्या अधोगतीचा पुरावा होता. आणि त्यात तो हर्षद. घाटकोपरला त्याची केकची तीन दुकानं होती आणि चौथ्यासाठी त्याचा डोळा गिरणीच्या गाळ्यावर होता. आठवड्यातून एकदा येई, "काय अंकल, बरंय ना?" म्हणे आणि बोलता बोलता पावलांनी गाळ्याची रुंदी मोजून जाई. घरात असं ठरलं होतं, म्हणजे वसुधाताईंनी ठरवलं होतं आणि नाफड्यांनी मान हलवली होती, की दसऱ्यापर्यंत गिरणीपुढे पुन्हा रांग दिसली नाही तर गाळा हर्षदला द्यायचा. जिथे भाजणीचा वास दरवळला तिथे आता मेणबत्त्या विझवून टाळ्या वाजवणार होते लोक.

म्हणून, आणि केवळ म्हणून, त्यांनी रेवतीला होकार दिला.

तिची योजना ऐकायला साधी होती. प्रत्येक डब्याला ठिपक्याठिपक्यांच्या चौकोनाचं स्टिकर. डबा आला की बंदुकीसारखं एक यंत्र त्यावर रोखायचं. धान्य कुठलं, वजन किती, कुठल्या चक्कीवर किती वाजता गेलं, सगळं आपोआप टॅबवर. पीठ झालं की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर मेसेज. बस्स.

बस्स म्हणायला रेवतीचं काय जातं? इंटरनेटची तार इमारतीच्या भिंतीवरून येणार, म्हणून सोसायटीची परवानगी लागली. सेक्रेटरी म्हणाले, अर्ज तीन प्रतींत द्या. दिला. मग म्हणाले, तुम्ही गाळेधारक, सदस्य नाही, तेव्हा अर्ज सदस्यामार्फत आला पाहिजे. सदस्य गाठला. मग म्हणाले, तार कुठल्या रंगाची असणार ते लिहिलेलं नाही. तार आली तर कनेक्शन देणाऱ्यांना विजेचं बिल हवं होतं, आणि बिल नाफड्यांच्या वडिलांच्या नावावर, जे जाऊन अठरा वर्षं झाली होती. "ग्राहकांनी स्वतः हजर राहणं आवश्यक आहे," फोनवरची मुलगी म्हणाली.

"ते हजर राहिले तर तुम्हीच पळ काढाल," नाफडे म्हणाले. तिने तो फोन साहेबांकडे दिला, साहेबांनी पुन्हा तिच्याकडे.

मेसेज पाठवणाऱ्या कंपनीचं आणखी वेगळं. परवान्यावर 'नाफडे फ्लोअर मिल', पाटीवर 'नाफडे पीठ गिरणी', तेव्हा हा धंदा खरा आहे की खोटा अशी त्यांना शंका आली. धंदा खरा असल्याचा पुरावा म्हणून नाफड्यांनी केसांपासून चपलांपर्यंत पिठाने माखलेला स्वतःचा फोटो पाठवला. 'चेहरा स्पष्ट नाही' असं उत्तर आलं. शेवटी रेवतीने कुठे काय केलं कोण जाणे, पण परवानगी मिळाली.

या सगळ्या काळात शेजारच्या झेरॉक्सवाल्या श्यामसुंदरने सल्ल्यांचा रतीब घातला होता. टॅब उत्तरेला ठेवा, टॅबला प्लास्टिक घाला, टॅबचं प्लास्टिक काढा, गरम होईल. त्याने स्वतःचं कॉम्प्युटरचं ज्ञान एवढ्यावरच मिळवलं होतं की लोक त्याच्याकडे पेन ड्राइव्ह विसरून जात. तरी तो रोज येऊन म्हणे, "नाफडे, यार, माझं ऐकलं असतंत तर."

स्टिकरं लागली आणि रेवतीला कंपनीने चार दिवस बंगळूरला पाठवलं. जाताना तिने एक छापील कागदांचा गठ्ठा ठेवला. त्यावर दोन रकाने होते. एक, डब्यावरील नाव. दोन, मोबाइल क्रमांक. भरलेला कागद टॅबच्या कॅमेऱ्यासमोर धरला की मजकूर आपोआप टॅबमध्ये जाणार होता.

नाफड्यांनी पहिला रकाना वाचला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. या मुलीने जन्मात कधी स्वयंपाकघरातल्या भांड्याकडे निरखून पाहिलं नव्हतं हे त्यांच्या लक्षात आलं. आपल्याकडे डब्यावर नाव असतं ते देणाऱ्याचं. लग्नात, मुंजीत, वास्तुशांतीला आहेर म्हणून डबा द्यायचा आणि त्यावर आपलं नाव ठसठशीत कोरून घ्यायचं, म्हणजे घेणाऱ्याला जन्मभर विसरता येत नाही. ज्याच्या घरात डबा असतो त्याचं नाव त्यावर कशाला असेल? आपलं नाव त्याला पाठ असतं.

त्यांनी ताबडतोब बंगळूरला फोन लावला. "रेवा, हा पहिला रकाना..."

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. डब्यावर जे नाव आहे ते लिही आणि नंबर लिही, एवढंच काम आहे. प्लीज, तू तुझं डोकं चालवू नकोस."

फोन बंद झाला. ज्या डोक्यावर एकतीस वर्षं गिरणी चालली ते डोकं चालवू नकोस. ठीक आहे. नाही चालवत. अपमान झालेला माणूस शिस्तीचा किती पक्का होतो हे ज्याने पाहिलं नसेल त्याने ते चार दिवस नाफडे पीठ गिरणीत यायला हवं होतं.

त्यांनी डबे ओळीने मांडले आणि सीतारामला हाक मारली. सीताराम त्यांच्या चक्क्या बावीस वर्षं चालवत होता, मूळचा मालवणकडचा, आणि डबे त्यालाही तोंडपाठ. नाफडे कोरलेली नावं वाचून कागदावर उतरवू लागले तसा तो कासावीस झाला.

"मालकानू, काय करतास? हो डबो तेंचो नाय."

"मला माहीत आहे."

"मग तेंचा नाव कित्याक लिवतास?"

"वरून हुकूम आहे," नाफडे म्हणाले.

नंबरांची अडचण नव्हती. रहिवासी मंडळाने सुवर्णमहोत्सवाला काढलेली संपर्कसूची गिरणीत होती, आणि जी नावं तिच्यात नव्हती ती वसुधाताईंच्या फोनमध्ये होती. उरलेल्या दोनचार नावांसाठी त्यांनी डबा आणणाऱ्यांनाच विचारलं. शांताबाई आल्या तेव्हाही विचारलं.

शांताबाई महापालिकेच्या प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या परिचारिका. निम्मं मुलुंड आपल्या हातावर जन्मलं असं त्या सांगत आणि त्याच आवाजात सगळ्यांशी बोलत. त्यांची नात दर्शना सात वर्षांची. तिला गहू चालत नसे. चालत नसे म्हणजे कणभर पोटात गेला तरी पोर चारचार दिवस अंथरूण धरायची, एकदा तर हॉस्पिटलात ठेवावी लागली होती. म्हणून शांताबाईंची ज्वारी दोन नंबरच्या चक्कीवर, सकाळी सगळ्यांत आधी, चक्की झाडून दळायची हा नियम होता. एक नंबरवर फक्त गहू आणि दोन नंबरवर गहू कधीही नाही. गिरणीतला हा एकमेव कायदा आणि तो नाफड्यांनी स्वतः केलेला.

"शांताबाई, ही नीलम कांबळे कोण?" झाकणावरचं नाव वाचत त्यांनी विचारलं.

"माझी भाची. दहिसरला असते. तिनेच दिला हा डबा, मी रिटायर झाले तेव्हा."

"तिचा नंबर सांगा."

शांताबाईंनी सांगितला. मग म्हणाल्या, "आणि माझा?"

"तुमचा नको."

"अहो, ज्वारी माझी ना?"

"ज्वारी तुमची, पण नाव नीलमचं. रकान्यात तुम्हाला जागा नाही," नाफडे म्हणाले. आपण हे रेवतीवर उगवलेला सूड म्हणून बोलतोय हे त्यांना कळत होतं आणि त्यात त्यांना गोडी वाटत होती. शांताबाई "काय डोकं फिरलंय का या माणसाचं" असं पुटपुटत गेल्या.

शनिवारी सगळं सुरू झालं. सोमवारी घट बसणार, म्हणून उपासाच्या पिठाचे डबे बरे आले होते. सीतारामने बंदूक उचलली आणि ती त्याला फारच आवडली. 'टिक' असा आवाज आला की तो लहान मुलासारखा हसे. अकरा वाजता पहिला मेसेज गेला. सव्वाअकराला मीराताई आल्या.

मीरा कर्णिक म्हणजे कपाळावर आठी घेऊनच जन्मलेल्या बाई. "नाफडे, हे काय? 'प्रिय मीरा कर्णिक, तुमचं बेसन तयार आहे.' मी बेसन टाकलेलंच नाही."

"डबा तुमच्या नावाचा आहे," नाफडे म्हणाले आणि डबा पुढे केला.

मीराताईंनी डबा फिरवून पाहिला. 'सौ. मीरा कर्णिक यांजकडून, चि. सौ. कां. वैशाली हीस शुभविवाहानिमित्त.' "हा तर मी नणंदेच्या वैशूला दिलेला! तीन तास दादरला उभं राहून घेतलेला! हा इथे कोणी आणला?"

नेमका तेव्हाच श्यामसुंदर झेरॉक्सच्या दुकानातून सल्ला द्यायला येत होता. "तो आमचा डबा आहे, ताई. आमच्या वास्तुशांतीला कोणीतरी दिलाय."

"कोणीतरी? वैशूने? माझा आहेर तुम्हाला आहेर म्हणून?"

पुढचा अर्धा तास काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. मीराताईंनी वैशूला फोन लावला, वैशूच्या आईला लावला, आणि श्यामसुंदरच्या बायकोला डबा छातीशी धरून "मिळालेली वस्तू परत द्यायची पद्धत आमच्यात नाही" असं ओरडावं लागलं. ते निस्तरतंय तोवर निवृत्त मुख्याध्यापक दळवीसर आले. त्यांच्या आई सोनूबाई गेल्या तेव्हा त्यांनी आईच्या स्मरणार्थ नाव घालून बारा डबे नातेवाइकांत वाटले होते. त्यातले चार त्या दिवशी गिरणीत होते आणि त्यांच्या फोनवर चार मेसेज होते. 'प्रिय कै. सोनूबाई दळवी, तुमचं राजगिऱ्याचं पीठ तयार आहे. कृपया लवकर घेऊन जावे.'

"नाफडे, लाज वाटायला हवी," सर म्हणाले. मग खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "आईला राजगिऱ्याची थालीपिठं फार आवडायची हो." आणि चष्मा पुसू लागले. नाफडे माठाकडे गेले. त्यांनी पाणी दिलं.

दिवसभर हेच. कोणाचा डबा कोणाकडे, कोणी कोणाचा आहेर कोणाला खपवला, सगळं मुलुंडच्या पूर्वेला उघड्यावर आलं. जो येई तो नाफड्यांवर डाफरे. आणि सल्ला द्यायला माणसं कमी नव्हती. कोणी म्हणे नावं घासून काढा, कोणी म्हणे प्रत्येकाने माफी मागावी, श्यामसुंदर म्हणे गिरणीच बंद करा. संध्याकाळी नाफड्यांनी टॅब उचलला आणि त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवला. त्याचं तोंड बघायची त्यांची इच्छा उरली नव्हती. एकतीस वर्षांचं नाव एका दिवसात मातीला मिळालं, आणि तेही स्वतःचं डोकं न चालवता. त्यांना रडू येण्याइतका राग आला होता.

गिरणी बंद होताना शांताबाई येऊन ज्वारीचा डबा ठेवून गेल्या. "सकाळी पहिलं माझं," त्या म्हणाल्या.

"पहिलं तुमचंच," नाफडे म्हणाले.

रविवारी गिरणी उघडायच्या आधीच मीराताई दारात उभ्या होत्या. रात्रभर विचार करून त्यांना आणखी सात मुद्दे सुचले होते. श्यामसुंदरला पाच. नाफडे मध्ये उभे राहून दोघांना सांगत होते की आपण एक सज्जन, अल्पशिक्षित नव्हे, बी.कॉम. झालेले गृहस्थ आहोत आणि आपल्याला या वयात कोणी असं बोललेलं नाही. अनंतराव गव्हाचा डबा घेऊन "मला आधी द्या, पुण्याची गाडी आहे" करत होते. सीताराम बिचारा बंदूक घेऊन प्रत्येक डब्यावर टिक टिक करत होता. बोलता बोलता नाफड्यांनी एक डबा उचलला, ओतला आणि पुन्हा बोलू लागले. मग ज्वारी झाली, मग उपासाचे चौदा डबे झाले.

अकरा वाजता शांताबाई आल्या. "पहिलंच ना?"

"पहिलंच," नाफडे मीराताईंकडे बघत म्हणाले. शांताबाई डबा घेऊन गेल्या.

साडेबाराला रेवती विमानतळावरून थेट गिरणीत आली. घरून वसुधाताईंनी सगळा वृत्तांत फोनवर दिलाच होता. "बाबा, तू खरंच कोरलेली नावं टाकलीस? सगळ्यांची?"

"मी डोकं चालवलं नाही," नाफडे म्हणाले. हे वाक्य त्यांनी चार दिवस जपून ठेवलं होतं.

रेवती टॅबकडे वळली. तिने भिंतीकडे तोंड केलेला टॅब उलटा केला आणि तिचा चेहरा बदलला. पडद्यावर एक लाल पट्टी लुकलुकत होती. "बाबा, दोन नंबरला गहू कोणी टाकला?"

"अशक्य."

"नऊ वाजून चाळीस मिनिटं. गहू, चक्की दोन. त्याच्यानंतर ज्वारी, मग राजगिरा, वरई... पंधरा डबे."

"तुझं यंत्र खोटं बोलतंय," नाफडे म्हणाले आणि चक्कीकडे गेले. दोन नंबरच्या कापडी नळीला आतून कोंडा चिकटला होता. तांबूस, गव्हाचा. एकतीस वर्षं जो कोंडा त्यांनी बोटांनी ओळखला, तोच. अनंतरावांचा डबा त्यांनी कुठे ओतला होता ते त्यांना आठवलं.

पंधरा डब्यांतल्या चौदांचा उपास उद्यापासून होता. पण पंधरावा डबा ज्वारीचा होता आणि रविवारी साडेबाराला भाकरी तव्यावर असते.

"शांताबाईंना फोन लाव," रेवती म्हणाली.

नाफड्यांनी फोन हातात घेतला. शांताबाईंचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. त्या सांगत होत्या, यांनी घेतला नव्हता. घर? त्यांची इमारत पाडून वर्ष झालं होतं, नवी होईपर्यंत त्या कुठे भाड्याने राहत होत्या ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आडनावही माहीत नव्हतं. झाकणाला बांधलेली सुतळी माहीत होती. तीस वर्षांत त्यांनी फक्त डबा ओळखला होता. आतापर्यंत जगाचा आलेला सगळा राग त्या क्षणी फिरून त्यांच्यावरच आला आणि ते स्वतःच्याच गिरणीत मोठ्याने स्वतःला "गाढवा!" म्हणाले.

"बाबा, टॅबवर जी नावं आहेत त्यांना तरी पाठवते," म्हणत रेवतीने भराभर टाइप केलं. 'आज दोन नंबर चक्कीवर दळलेल्या पिठात गहू मिसळला आहे. खाऊ नका, खाऊ देऊ नका. डबा परत आणा. चूक माझी. विद्याधर नाफडे.' बटण दाबलं आणि तिने लगेच नीलम कांबळेंना फोनही लावला. लागेना, दुसऱ्या कॉलवर होत्या.

नाफडे तोवर रस्त्यावर पोचले होते. बनियन आणि लेंगा, डोक्यापासून पायापर्यंत पीठ. शांताबाईंच्या जुन्या इमारतीपाशी निळे पत्रे होते आणि पत्र्यांमागे खड्डा. वॉचमनला विचारलं. त्याला काही माहीत नव्हतं. वाण्याला विचारलं, "सुतळीवाल्या शांताबाई कुठे राहतात?" तो यांच्याकडे बघतच राहिला. तीन गल्ल्या पालथ्या घातल्या, दोन जिने चुकीचे चढले, एका अनोळखी बाईंच्या हातातला घास थांबवला आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या. वीस मिनिटांनी दम लागून गिरणीकडे परत वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं.

आणि गिरणीपुढे रांग होती. झेरॉक्सच्या पलीकडे, पार केमिस्टपर्यंत.

झालं होतं असं की मेसेज गेला डबे देणाऱ्यांना, आणि देणारे कालपासून खवळून फोन हातात घेऊनच बसले होते. आपला डबा कोणाकडे आहे हे आता प्रत्येकाला ठाऊक होतं आणि त्या घरात फोन करायला निमित्तच हवं होतं. दळवीसरांनी चार घरांत फोन केले. उरलेल्या घरी कोणाच्या आत्याचे, कोणाच्या मामाचे आणि कोणाच्या चुलत सासूचे फोन गेले. काहींकडे तीनतीन. दहा मिनिटांत चौदाच्या चौदा डबे निघाले होते, आणि बरोबर माणसंही, कारण नाफड्यांनी स्वतः चूक माझी असं लिहून कळवलंय हे कोणालाच डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटणार नव्हतं.

रांगेत सर्वांत पुढे शांताबाई होत्या. हातात सुतळीचा डबा.

"खाल्ली?" नाफड्यांच्या तोंडून एवढंच निघालं.

"घास उचलला होता पोरीनं," शांताबाई म्हणाल्या. "तेवढ्यात नीलम दहिसरवरून फोनवर ओरडली, तिच्यासमोरचं ताटच ढकल म्हणून. ढकललं. बरी आहे पोर. तूपवरण भात खातेय." मग त्यांचा आवाज चढला. "चार गल्ल्यांवर राहते मी, चार! आणि मला दहिसरवरून कळतं? त्या दिवशी नंबर देत होते तेव्हा काय म्हणालात? रकान्यात जागा नाही?"

सगळी रांग ऐकत होती. नाफड्यांनी कागद घेतला, पेन घेतलं. "शांताबाई, तुमचा नंबर सांगा."

त्यांनी सांगितला.

"आणि... आडनाव?"

"तीस वर्षं दळण टाकते इथे," शांताबाई म्हणाल्या, "आणि आज आडनाव विचारता?"

"हो," नाफडे म्हणाले. "चुकलं."

"वाकोडे," त्या म्हणाल्या. "पत्ताही लिहा."

त्यांनी पत्ताही लिहिला. मग मागच्या बाईंना विचारलं, त्यांच्या मागच्यांना विचारलं. जी ती "इतकी वर्षं येते, तरी?" म्हणून फणकारली आणि जिने तिने नंबर दिला. मीराताई आणि श्यामसुंदर एकमेकांकडे न बघता रांगेच्या दोन टोकांना उभे होते. हर्षद रविवारची रुंदी मोजायला आला होता. रांग बघून तो पलीकडच्या फुटपाथवर थांबला. वसुधाताई रेवतीला जेवायला बोलवायला आल्या होत्या. त्यांनी त्याला बघितलं आणि त्या रस्ता ओलांडून गेल्या. "दसऱ्याला अजून दहा दिवस आहेत," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही दुसरा गाळा बघा हो. यांना आता एवढ्या लोकांची आडनावं पाठ करायची आहेत."

नाफड्यांनी दोन नंबर चक्की स्वतः उघडली, झाडली, मूठभर ज्वारी फिरवून ते पीठ फेकून दिलं. पुन्हा एकदा झाडली. कापडी नळी बदलली. शांताबाईंना त्यांच्या डब्यातलं पीठ ओतून टाकायला, डबा धुऊन पुसायला लावलं आणि आपल्या घरची ज्वारी दळली, सगळ्यांत आधी. सीतारामने टिक केलं. शांताबाई तीन हातांवर उभ्या होत्या, तरी त्यांच्या हातातला फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून रांगेला ऐकू जाईल असं वाचलं. "'शांताबाई वाकोडे, तुमचं ज्वारीचं पीठ तयार आहे. गव्हाचा कण नाही.'" वर बघून म्हणाल्या, "हां. आता बरोबर." आणि तो मेसेज त्यांनी नीलमला पुढे पाठवला.

त्यांनी डबा उचलला. सुतळी बांधत होत्या तेवढ्यात गिरणीचा फोन वाजला. रेवतीने स्पीकरवर घेतला.

"नाफडे गिरणी ना? मी नीलम कांबळे बोलते, दहिसरहून," पलीकडचा आवाज चांगलाच तापलेला होता. "मावशीला मेसेज गेला म्हणे. मग मला का नाही आला? डबा कोणी दिलाय?"